अँगस दारावरून पुढे जात नसे

अँगस लझोरचं घर कॅनडात होतं, पण तिथे जायला अमेरिका लागायची. यात त्याचा काही दोष नव्हता. मोहॉक या तिथल्या मूळ रहिवाशांचं त्याचं गाव सेंट लॉरेन्स नदीच्या दोन्ही काठांवर आणि मधल्या बेटावर कधीपासूनचं पसरलेलं. मागाहून दोन सरकारं आली, त्यांनी नकाशा मांडला, पट्टी ठेवली आणि रेघ ओढली. ती कोणाच्या परसातून गेली, कोणाच्या ओसरीवरून गेली. अँगसच्या वाट्याला दक्षिण काठावरचा असा एक तुकडा आला, की जमीन कॅनडाची आणि तिला जोडलेला एकूण एक रस्ता अमेरिकेचा. म्हणजे सकाळी कामावर निघायचं तर आधी अमेरिकेत शिरायचं, तिथून पुलावरून बेटावर, म्हणजे परत कॅनडात, आणि बेटावरून दुसऱ्या पुलाने उत्तरेच्या शहरात. थर्मासातला चहा गार व्हायच्या आत दोन देश होऊन जायचे.

"माझ्या आजीने जन्मात प्रवास केला नाही," अँगस सांगायचा, "पण कोंबड्यांना दाणे टाकायला रोज परदेशी जायची."

हे ऐकून घेणारा हक्काचा माणूस म्हणजे राजरत्न गजभिये. राजरत्न पवनीचा. शहराबाहेरच्या एका अवाढव्य वेअरहाऊसमध्ये तो कॉम्प्युटर सांभाळायचा आणि अँगस तिथेच फोर्कलिफ्ट चालवायचा. एकाला वेअरहाऊसमध्ये हात धुवायचं कारण पडत नव्हतं, दुसऱ्याचे हात धुतले तरी काळेच राहायचे. तरी दोघांचा डबा एका टेबलावर उघडायचा. राजरत्नच्या बायकोच्या, कल्याणीच्या, हातचं मिरचीचं लोणचं अँगस ब्रेडला लावून खायचा, डोळ्यांतून पाणी काढायचा आणि पुन्हा मागायचा.

"कधीतरी घरी ये की," तो राजरत्नला म्हणायचा. "कॅनडातच आहे."

राजरत्नकडे भारताचा पासपोर्ट होता, कॅनडात कायम राहायचं पीआर कार्ड होतं, आणि अमेरिकेच्या व्हिसाला एकदा मिळालेला नकार होता. त्यामुळे एवढ्या वर्षांत त्याने मित्राचं घर पाहिलं नाही. अँगसला मात्र अमेरिकेत जायला जुन्या कराराचा आधार. फक्त अंगात निम्मं तरी अमेरिकन इंडियन रक्त असल्याचा कागद जवळ बाळगावा लागायचा.

"निम्मं म्हणजे कोणतं निम्मं, असं एकदा एकाने विचारलं मला," अँगस म्हणाला. "मी सांगितलं, कमरेखालचं. हवं तर बघून घे."

राजरत्न हसला, पण घास तोंडातच राहिला. जातपडताळणीसाठी भंडाऱ्याला मारलेल्या चकरा त्याला आठवल्या. "आमच्याकडे पूर्ण असल्याचं सिद्ध करावं लागतं," तो म्हणाला. "निम्म्यावर भागत नाही."

"मग तुमचं ऑफिस जास्त कडक," अँगस म्हणाला आणि लोणच्याची बाटली पुढे ओढली.

दोघांची ही ओळख दोस्तीत कशी बदलली, ते सांगायला हवं. एका जानेवारीत पवनीला राजरत्नचे वडील गेले. राजरत्नचा पासपोर्ट तेव्हा पीआरच्या शिक्क्यासाठी सरकारच्या ताब्यात होता. जाता येईना. भावाने फोन चितेजवळ धरला आणि राजरत्नने बेसमेंटमध्ये उभं राहून त्रिशरण-पंचशील ऐकलं, मधे मधे रेंज जात होती तेवढं सोडून. दुसऱ्या दिवशी तो कामावर गेला. घरी बसून करायचं काय?

अँगसने फोर्कलिफ्ट मधेच थांबवली. "तुझा बाप गेला ना? मग इथे काय करतोस?"

"आमच्यात सुतक पाळत नाहीत," राजरत्न म्हणाला, आणि सुतक म्हणजे काय तेही त्याला सांगावं लागलं.

"घरात चूल पेटते?"

"नाही. म्हणजे, शेजारी जेवण आणतात."

"मग पाळता," अँगस म्हणाला, आणि सुपरवायझरला न विचारता राजरत्नला पिकअपमध्ये घालून त्याच्या घरी घेऊन आला.

त्यानंतरचे काही दिवस कल्याणीला अजून खरे वाटत नाहीत. हा साठीला टेकलेला, मागे वेणी घातलेला दांडगा माणूस रोज यायचा. ड्राइव्हवेवरचा बर्फ फावड्याने लोटायचा, भांडी घासायचा, मक्याचे फुगलेले दाणे, राजमा आणि खारवलेलं डुकराचं मांस यांचं दाट सूप मोठ्या पातेल्यात घेऊन यायचा. कल्याणीने पहिला घास घेतला आणि नवऱ्याच्या कानात म्हणाली, "घुगऱ्यांत कोणं डुक्कर टाकल्यावाणी लागून राहिलं." मग दोन वाट्या खाल्ल्या. दुसऱ्या दिवशी ती धावतच बाहेरच्या खोलीत आली. "अहो, तो माणूस आपलं बाथरूम धुऊन राहिला. थांबवा न त्याले."

राजरत्न थांबवायला गेला. अँगस ब्रश हातात घेऊन गुडघ्यांवर बसला होता. तिथेच त्याने आपला कारभार समजावून सांगितला. त्यांच्या गावात कुळांच्या दोन बाजू. एका बाजूचं माणूस गेलं की त्या बाजूने नुसतं रडायचं. स्वयंपाक, झाडलोट, खड्डा खणणं, पुरणं, सगळं समोरच्या बाजूने करायचं. आपल्या मेलेल्यासाठी आपण फावडं उचलायचं नाही. उद्या समोरच्यांचं कोणी गेलं की मग आपली पाळी.

"पण मी तुमच्या कुठल्याच बाजूचा नाही," राजरत्न म्हणाला.

"माझ्या बाजूचा नाहीस ना? मग समोरच्या बाजूचा झालास. काम माझंच." अँगस पुन्हा घासायला लागला. "तुझी पाळी येईल. घाई कसली आहे तुला?"

राजरत्न दारात उभा राहिला. त्याला बोलायचं नव्हतं, पण बोलून गेला. "आमच्या आजोबांकडे हेच काम होतं. गावात कोणी मेलं की सांगावा घेऊन गावोगाव पळायचं. सरणाची लाकडं वाहायची. ढोर मेलं तर तेही ओढायचं. छप्पन साली दीक्षा घेतली आणि त्यांनी सांगून टाकलं, यापुढे या घरातला हात मेलेल्याच्या कामाला लागणार नाही."

अँगसने ब्रश खाली ठेवला. "आजोबा गेले तेव्हा गावातून कोण आलं खांदा द्यायला?"

"कोणी नाही. आमचेच होते."

"मग सोडलं ते बरं केलं," अँगस म्हणाला. "ज्याला पाळी नाही ते काम नव्हे." आणि नळ सोडला.

अँगसच्या आईने त्याला आणखी एक दंडक घालून दिला होता. मेलेल्यासाठी बोलावणं आलं की थेट त्या दारी जायचं. दारावरून पुढे जाऊन, दुसरं काम उरकून, मग परत यायचं नाही. आतलं माणूस वाट बघत असतं आणि आता त्याला हाक मारता येत नाही. आईचं माहेर बेटावरचं आणि तिला पुरलंही बेटावरच. तेव्हा अशी बोलावणी अँगसला बहुधा बेटावरूनच यायची. डाव्या हाताला, पूल उतरल्यावर लगेच, सेसिलिया नावाच्या म्हातारीचं घर होतं. अँगसची आई गेली तेव्हा त्याच्या घरची चूल या सेसिलियाने सांभाळली होती. ती समोरच्या बाजूची. तिचं करायची पाळी अँगसची, हे दोघांनाही ठाऊक होतं आणि त्यावरून दोघं एकमेकांना चिडवायचेही. "खड्डा नीट खण हो," ती म्हणायची, "मला कुशीवर झोपायची सवय आहे."

२००९ च्या उन्हाळ्यात बेटावरच्या सरहद्द चौकीतल्या अधिकाऱ्यांना पिस्तुलं द्यायचं ठरलं. बेटावरचे लोक म्हणाले, आमच्या घरांमधोमध पिस्तुलं नकोत. शेकोट्या पेटल्या, म्हाताऱ्या बाया खुर्च्या टाकून रस्त्याकडेला बसल्या, अधिकारी चौकी सोडून निघून गेले आणि पूल बंद झाला. पूल उघडला तेव्हा चौकी बेटावर नव्हती, पलीकडे शहरात होती. आणि नियम असा झाला, की दक्षिणेकडून बेटावर येणाऱ्याने आधी बेट ओलांडून शहरात जायचं, आलो म्हणून सांगायचं, आणि उलटं फिरून मग बेटावर यायचं. सासुरवाडीला निघालेल्या जावयाने आधी पुढच्या गावच्या पोलीसपाटलाला तोंड दाखवून यावं, तशातली गत. न सांगता मधेच घरात शिरलं तर गाडी जप्त, आणि दंड भरेपर्यंत परत नाही.

राजरत्न नियम पाळणाऱ्यांतला. बाहेरून आलेला माणूस रिकाम्या रस्त्यावरही लाल दिव्याला थांबतो. "थोडा वळसा पडेल," त्याने अँगसला समजावलं. "सांगायचं आणि परत यायचं. कशाला डोक्याला ताप?"

"रोज कामाला येताना सांगतोच की," अँगस म्हणाला. "तेवढ्यात त्यांचंही मन रमतं."

पानगळीच्या सुमारास सेसिलिया गेली. तिचा भाचा लोरन, त्याने अँगसला फोन केला. अँगसने पिकअपमध्ये फावडी टाकली, सुपाचं मोठं पातेलं टाकलं आणि पुलावर आला. पूल उतरला. डाव्या हाताला घर, दारात लोरन उभा. समोर शहराकडे जाणारा रस्ता. अँगस डावीकडे वळला. त्याने खड्डा खणला, कुशीवर झोपता येईल असा थोडा रुंदच खणला, म्हातारीला ठेवलं, माती लोटली, घर झाडून काढलं. सोमवारी तिथूनच कामावर यायला निघाला.

शहरातल्या चौकीवर अधिकाऱ्याने नेहमीचं विचारलं. अमेरिकेतून आलात ते थेट इथेच का?

"हो" म्हटलं असतं तरी चाललं असतं. "मी बेटावरच होतो" म्हटलं असतं तर तेही खोटं नव्हतं. शंभरातल्या नव्व्याण्णवांनी दोन्हीपैकी एक म्हटलं असतं. अँगस म्हणाला, "नाही. मध्ये एक बाई गेली होती."

पिकअप तिथल्या तिथे जप्त झाली. फावडी काढून घेऊ दिली, ही त्यातल्या त्यात माणुसकी. राजरत्न त्याला आणायला गेला तेव्हा अँगस फूटपाथवर पातेल्याला टेकून बसला होता, फावडी गुडघ्यांवर आडवी.

"मी भरतो दंड," गाडीत बसल्यावर राजरत्न म्हणाला. "तुझ्याकडे होतील तेव्हा दे."

"पैसे आहेत माझ्याकडे."

"मग?"

"भरले म्हणजे मी कबूल केलं, की मी बाहेरून आलो. सेसिलियाच्या घरात, बाहेरून." तो खिडकीतून बघत राहिला. "तुला राग येईल, पण तू बाहेरून आलायस. तुला विचारलं तर तू सांगू शकतोस कुठून ते. मी काय सांगू?"

"अरे, पण गाडीशिवाय कामाला येशील कसा?"

"पोहत," अँगस म्हणाला.

राजरत्नला राग आलाच. त्याने अँगसला लोरनच्या घरी सोडलं आणि चार दिवस फोन केला नाही. हट्टाला अर्थ असतो का काही, असं तो कल्याणीला पुन्हा पुन्हा सांगत राहिला, आणि कल्याणी पोळ्या लाटत राहिली. शेवटी म्हणाली, "तुमच्या आजोबाले लोकं हेच म्हणत असतील जी."

थोडे दिवस शेजाऱ्यांच्या गाड्यांतून अँगस कामावर आला, मग कधी आला कधी नाही, मग ख्रिसमसच्या आधी वेअरहाऊसने त्याला कळवलं की यायची गरज नाही. नदी गोठली. हिवाळाभर तो दक्षिण काठावर आणि राजरत्न उत्तर काठावर, आणि त्या घराकडे जायला राजरत्नला व्हिसा लागत होता. फोनवर अँगस मजेत असायचा. फक्त बोलताना मधे दम खायला थांबायचा. विचारलं की म्हणायचा, "लोणचं नाही ना, त्याने होतं."

बर्फ फुटल्यावर त्याने जुनी बोट बाहेर काढली. रविवारी राजरत्न शहरातून बेटावर यायचा, अँगस वल्ही मारत दक्षिणेकडून यायचा. सेसिलियाच्या घरामागच्या धक्क्यावर दोघं बसायचे. अँगस बारीक झाला होता. बोट काठावर ओढून घेतली की ओठ निळे पडायचे आणि दम परत यायला बराच वेळ लागायचा. डॉक्टरकडे चल म्हटलं तर म्हणायचा, डॉक्टर कोणत्या देशातला हवा ते आधी ठरवू.

त्या एप्रिलमधल्या एका सकाळी लोरनचा फोन ऑफिसात आला. अँगस त्याच्या काठावर बोटीशेजारी पडलेला सापडला होता. बोट अर्धी पाण्यात, अर्धी बाहेर. दोर मनगटाला गुंडाळलेला.

"आईशेजारी ठेवायचं त्याला, बेटावर," लोरन म्हणाला. "उद्या सकाळी खणायचंय. आमच्या बाजूचं काम आहे. त्याने सांगून ठेवलंय, तू आमच्या बाजूचा. फावडं आहे?"

"बर्फाचं आहे."

"ते तुझ्या ड्राइव्हवेला ठेव," लोरन म्हणाला. "माझ्याकडे एक जास्तीचं आहे."

राजरत्न घरी आला आणि बूट न काढता बसून राहिला. हो म्हणालो का नाही, हेच त्याला आठवेना. आजोबांचा चेहरा त्याने फोटोतच पाहिलेला, पण ते वाक्य तो पाळण्यात असल्यापासून ऐकत आलेला. या घरातला हात. कल्याणीने विचारलं, त्याने सांगितलं. ती स्वयंपाकघरात गेली. पातेलं काढल्याचा आवाज आला.

"किती लोकाचं करू?" तिने आतूनच विचारलं.

"अजून ठरलं नाही माझं."

ती दारात आली. "तो आपलं बाथरूम धुऊन गेला होता जी," एवढंच म्हणाली आणि राजमा निवडायला बसली.

दफनभूमी रस्त्याला लागूनच होती. सेसिलियाच्या मातीवर अजून नीट गवत आलं नव्हतं. समोरच्या बाजूची पाच-सहा माणसं होती आणि आळीपाळीने खड्ड्यात उतरत होती. राजरत्नला पहिल्याच खेपेला तळहातावर फोड आला.

"कॉम्प्युटरवाल्या, माती अशी वर टाकायची असते, आमच्या बुटांत नाही," एकजण म्हणाला.

"राहू दे," लोरन म्हणाला. "अँगसला आवडलं असतं. सेसिलियाच्या वेळी मी नुसता कडेला उभा होतो, तरी तोही माझ्याच बुटांत टाकायचा."

हसत खणतात तिथे. राजरत्नही हसला आणि त्याचं त्यालाच नवल वाटलं. छाती घामाने भिजली होती, खालून ओल्या मातीचा गार वास येत होता, आणि हाताला काही विटाळ लागल्यासारखं वाटत नव्हतं. फोड तेवढा दुखत होता.

खड्डा झाला. सगळे वर येऊन फावड्यांवर रेलून उभे राहिले. दक्षिणेच्या पुलावरून काळी लांब गाडी उतरताना दिसली. लोरनने टोपी काढली. राजरत्नने अंगावरची माती झटकली.

गाडी जवळ आली. हळू झाली. दफनभूमीचं फाटक डाव्या हाताला उघडंच होतं, आत उघडा खड्डा, कडेला माणसं. ड्रायव्हरने स्टिअरिंगवरून एक हात थोडा वर उचलला, माफी मागावी तसा, आणि गाडी पुढे निघून गेली. उत्तरेच्या पुलाकडे.

"कुठे चाललाय तो?" राजरत्नने विचारलं. विचारताना त्याला कळलं.

"सांगायला," लोरन म्हणाला. "कंपनीची गाडी आहे. जप्त झाली तर त्याची नोकरी जाईल."

पुलावर गाड्यांची रांग होती, ती इथून दिसत होती, आणि त्या रांगेत काळी गाडी एकेक जागा पुढे सरकत होती. जन्मभर जो कोणाच्या दारावरून पुढे गेला नाही, त्याला स्वतःच्या दारावरून पुढे नेलं होतं. राजरत्नला वाटलं, तो आत पडल्या पडल्या काहीतरी वाह्यात बोलला असेल. पण ऐकायला ड्रायव्हरशिवाय कोणी नव्हतं. खड्ड्याच्या एका कडेची माती सुटून आत घसरली. राजरत्न कोणी न सांगता पुन्हा उतरला आणि ती वर काढत राहिला. गाडी येईपर्यंत तो वर आलाच नाही.

अधिकारी चांगला होता, ड्रायव्हरने नंतर सांगितलं. त्याने आधी टोपी काढली. मग कागद मागितले.

माती लोटून झाली. कल्याणीचं पातेलं रिकामं झालं. राजमा त्यांनी चाटूनपुसून खाल्ला, मिरचीने डोळ्यांत आलेलं पाणी पुसत. दुपारी राजरत्न शहराकडे परत निघाला. तो सकाळी कॅनडातून निघाला होता, कॅनडातच होता, कॅनडातच चालला होता, तरी त्याला रांगेत उभं राहावं लागलं. खिडकीशी आला तेव्हा तरुण अधिकाऱ्याने पीआर कार्ड पाहिलं, मग स्टिअरिंगवरचे मातीने भरलेले हात पाहिले.

"बेटावर काय काम होतं?"

या प्रश्नाची सोपी उत्तरं राजरत्नला येत होती. अशा खिडक्यांसमोर तो नेहमी सोपीच उत्तरं देत आला होता.

"माझी पाळी होती," तो म्हणाला.

अधिकाऱ्याने कार्ड हातातच ठेवलं. मग त्याने गाडी बाजूला घ्यायला सांगितली. डिकी उघडली तेव्हा आत लोरनचं जास्तीचं फावडं निघालं, माती न धुतलेलं, आणि रिकामं पातेलं.